अठ्ठावन्नचा आकडा

बियाण्याच्या एका कंपनीत मी कॉम्प्युटरवाला होतो. नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. खाली गोदाम, वर ऑफिस आणि मागच्या अंगाला लॅब. माझ्या हुद्द्याचं नाव कागदावर चांगलं लांबलचक होतं, पण हाक यायची ती एकच, 'कॉम्प्युटरवाल्याला बोलवा'. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मी आणि शेठच्या मोबाइलवर नातवाचा फोटो उघडत नसला तरी मीच.

स्वभावानं मी तापट. कुणी 'हे बिघडलंय' म्हटलं की मला आधी राग यायचा, मग मी बघायला उठायचो. बहुतेक वेळा चूक समोरच्याचीच निघायची. कुणी वायर काढून ठेवलेली असायची, कुणी भलतंच बटण दाबलेलं असायचं. त्यामुळे आपला राग नेहमी बरोबरच असतो, अशी माझी समजूत होऊन बसली होती. ही गोष्ट ती समजूत मोडल्याची आहे. बारा-तेरा वर्षं झाली तिला.

लॅबमध्ये एक म्हातारा कॉम्प्युटर होता. त्याच्यात अठ्ठ्याण्णव सालची विंडोज. ऑफिसातले बाकी सगळे कॉम्प्युटर बदलले, हा मात्र हलवता येत नव्हता, कारण बी मोजायचं यंत्र एका जुन्या कार्डावर चालायचं आणि ते कार्ड नव्या कॉम्प्युटरात बसत नव्हतं. शिवाय उगवणीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम त्याहून जुना, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा. तो लिहून देणारा माणूस कधीच पुण्याला निघून गेला होता आणि आमचा फोन आता उचलत नव्हता. त्या प्रोग्राममध्ये प्रत्येक लॉटची नोंद असायची. लॉट म्हणजे एकाच वेळी भरलेल्या एकाच बियाच्या थैल्यांचा गट. लॉटचा नंबर, तपासणीची तारीख, आणि शंभर बियांतून किती उगवली तो आकडा. या फाइली सर्व्हरवर असायच्या, म्हणजे लॅबमध्ये भरलेला आकडा पुढच्या ऑफिसातही दिसायचा. सोयाबीनचा आकडा सत्तर किंवा वर असला तर गोदामातून माल बाहेर काढायची चिठ्ठी छापून यायची. सत्तरच्या खाली असला तर चिठ्ठीच निघायची नाही. म्हणजे खरं पाहिलं तर कोणतं बी शेतात जायचं आणि कोणतं नाही, हे त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर ठरायचं.

आणि त्याच्यासमोर बसायच्या त्या लॅबच्या मॅडम. जुन्या जालन्यातलं त्यांचं घर, तीन पिढ्या नोकरीपेशातलं. पन्नाशी ओलांडलेली, वीस वर्षं याच लॅबमध्ये. ओल्या कागदात शंभर शंभर बिया मांडायच्या, गुंडाळी करायची, आठव्या दिवशी उघडून चिमट्यानं एकेक कोंब बाजूला घेत मोजायचे. हे काम त्या इतक्या शांतपणे करत की बघताना आपलाही जीव थंड व्हायचा. दुपारी डबा न खाता रिक्षानं घरी जायच्या, कारण घरी त्यांच्या आई होत्या आणि आईंना भरवावं लागायचं. आई सगळं विसरल्या होत्या. मॅडमना 'तुम्ही कुणाच्या?' असं विचारायच्या. मॅडमनीच एकदा हे हसत सांगितलं होतं, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मॅडमकडं पूर्वी एक रजिस्टर असायचं, जाड, कापडी बांधणीचं. मोजलेला आकडा आधी पेन्सिलीनं त्यात लिहायचा आणि मगच कॉम्प्युटरमध्ये भरायचा, अशी त्यांची पद्धत. ते रजिस्टर मी बंद केलं. 'एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची?' असं मीटिंगमध्ये मोठ्या तोऱ्यात बोललो आणि शेठनी मान डोलावली. रजिस्टर माझ्या हातात देताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "आणि कॉम्प्युटर बंद पडला तर?"

"मॅडम, सगळं सर्व्हरवर असतं. माणूस विसरतं, सर्व्हर विसरत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. मी रजिस्टर माळ्यावरच्या कपाटात टाकलं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला जुना सर्व्हर मेला. नवीन मशीन आलं आणि त्यावर मी हौसेनं फाइली वाटून देणारं नवं सॉफ्टवेअर चढवलं, जगभर लोक फुकट वापरतात ते. ऑफिसातले नवे कॉम्प्युटर मिनिटभरात जोडले गेले. लॅबचा म्हातारा काही जोडला जाईना. पासवर्ड बरोबर, केबल बरोबर, तरी नवा सर्व्हर त्याला दारात उभं करेना. आठ दिवस डोकं फोडल्यावर कळलं की नवा सर्व्हर पासवर्ड नव्या पद्धतीनं मागतो आणि म्हातारा तो जुन्याच पद्धतीनं सांगतो, जी सर्व्हरला आता धोक्याची वाटते. मी सर्व्हरला सांगितलं, याचं जुनं चालवून घे. मग तो जोडला गेला.

पण आगीतून निघालो तो फुफाट्यात पडलो. प्रोग्राम इतका हळू चालायला लागला की एक आकडा भरला की मॅडम हनुवटीला हात लावून बसायच्या. पेरणीआधी शे-दोनशे लॉट पुन्हा तपासायचे होते आणि दिवसाला दहा भरून होत नव्हते. शेठ रोज माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. "क्या हुआ भाई, तुमचा नवीन सर्व्हर बैलगाडी आहे का?"

यावर एक उपाय होता. सर्व्हरमध्ये एक सेटिंग असतं. ते चालू केलं की लॅबचा कॉम्प्युटर फाइल आपल्याजवळच ठेवून घेतो, आकडे आपल्याच पोटात लिहितो आणि सवडीनं सर्व्हरला पोचवतो. काम एकदम जलद होतं. पण त्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात चौकट करून लिहिलं होतं की अशा जुन्या प्रोग्रामच्या फाइलींना हे सेटिंग लावू नका. मध्येच कॉम्प्युटर बंद पडला तर पोटातलं पोटातच राहील आणि सर्व्हरवर जुनंच दिसत राहील. हे मी वाचलं होतं. एकदा नाही, दोनदा वाचलं होतं. तरी मी ते चालू केलं. म्हटलं, सीझन संपला की बंद करू. प्रोग्राम सुसाट पळायला लागला, शेठनी पाठ थोपटली, आणि मी कुणाला काही बोललो नाही.

मृग जवळ आला तसा अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे माझे वडील. परतूरजवळ आमचं गाव, तिथं ते आणि आई राहायचे, शेती अण्णाच बघत. परतूरच्या दुकानातून आमच्याच कंपनीच्या सोयाबीनच्या तीन थैल्या मी त्यांना पाठवायला लावल्या होत्या. अण्णांची एक जुनी खोड होती. बी कुठूनही आणलेलं असो, पेरायच्या आधी बारदान्याचा एक तुकडा भिजवायचा, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी बियांच्या मांडायच्या, गुंडाळून सुतळीनं बांधायचा आणि माठाच्या सावलीला ठेवायचा. रोज पाण्याचा हबका. सहाव्या दिवशी उघडून मोड मोजायचे.

"अरे, ते तुमचं बी टाकून पाह्यलं," अण्णा म्हणाले. "शंभरात सत्तावन्न निघाले. मंग पेरू का नको?"

मला आला राग. "अण्णा, तुम्ही पानी जास्त मारलं असंल. बी कुजलं."

"चाळीस वर्सं झालं पानी मारून राह्यलो. आजच जास्त कसं मारलं?"

"इकडं लॅबमधी तपासून जातंय सगळं. नंबर सांगा थैलीवरचा." त्यांनी एकेक आकडा वाचून दाखवला. मी पडद्यावर बघितलं. "एक्क्याऐंशी हाय त्या लॉटला. कॉम्प्युटरवर हाय, समोर."

"मंग कॉम्प्युटरलाच पेरू दे," अण्णा म्हणाले. मग म्हणाले, "बरं, तू म्हन्तो तर अजून एकडाव टाकून पाहतो. पाऊस कुठं आलाय अजून."

फोन ठेवला आणि मी रागातच लॅबमध्ये गेलो. मॅडमना सांगायचं होतं, बघा, आमच्या घरचा माणूसच आपल्या लॅबवर विश्वास ठेवत नाही. लॉटचा नंबर ऐकल्यावर मॅडमनी चिमटा खाली ठेवला.

"तो लॉट? तो तर मी नापास केलाय. हिवाळ्यात एक्क्याऐंशी होता. आता फेरतपासणीत अठ्ठावन्न आला. तीन आठवडे झाले भरून."

मी तिथंच म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर लॉट उघडून दाखवला. एक्क्याऐंशी. फेरतपासणीची नोंदच नव्हती.

"असं कसं?" त्या म्हणाल्या. "मी भरलाय. भरला आणि लगेच लाइट गेली, मला आठवतंय."

लाइट गेली म्हटल्याबरोबर मला ती चौकटीतली सूचना आठवली. लॅबचा यूपीएस तेव्हा पाच मिनिटंही धरत नव्हता.

शेठच्या केबिनमध्ये आम्ही दोघं उभे राहिलो. शेठ आरडाओरडा करणारे नव्हते, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता. तो लॉट पाच दुकानांत पोचला होता. त्यांनी आधी दुकानदारांना फोन लावून थैल्या थांबवल्या. हे त्यांनी मॅडमच्या नुसत्या शब्दावर केलं, एवढा त्यांच्यावर भरवसा होता. मग ते माझ्याकडं वळले.

"मॅडम म्हणतात भरला. कॉम्प्युटर म्हणतो नाही भरला. भरलेला आकडा असा गायब होऊ शकतो का?"

आता मागं वळून बघतो तेव्हा वाटतं, तो सरळ प्रश्न होता आणि त्याला सरळ उत्तर होतं. मला घरी दोन मुलं होती, नोकरी नवी नव्हती पण पक्कीही नव्हती, आणि मीटिंगमधलं माझंच वाक्य मला ऐकू येत होतं.

"तसं होत नाही शेठ," मी म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. त्या विचार करत होत्या.

"मग माझ्याकडूनच राहिला असेल," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"होता है," शेठ म्हणाले. "पण मॅडम, वीस वर्षांत पहिल्यांदा. एक खुलासा लिहून द्या, फाइलला लागेल. आणि लॉट पुन्हा लावा तपासणीला."

त्याच दुपारी मी दार लावून सर्व्हर तपासला. तपासणीच्या वेळापत्रकाप्रमाणे लाइट गेली त्या दिवशी मॅडमनी चार लॉट मोजले होते. चारही लॉटच्या नोंदी गायब होत्या. बाकी तीन लॉटचे जुने आकडे चांगलेच होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. चार नोंदी एकदम कुणी विसरत नसतं. शिवाय अण्णांचे सत्तावन्न होते, आणि ते मॅडमना माहीत नव्हते. म्हणजे मॅडमची आठवण अगदी बरोबर होती, आणि हे या जगात फक्त मला माहीत होतं. मी ते सेटिंग बंद केलं, दार उघडलं आणि जागेवर जाऊन बसलो. आता पुन्हा होणार नाही ना, मग झालं, अशी मी मनाची समजूत घातली. मन काही समजेना.

पुढचे सहा दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. शेठनी नुसती हाक मारली तरी कळलं की काय, असं वाटायचं. आभाळ भरून आलं की गावाकडं पाऊस झाला असेल का, अण्णांनी पेरून टाकलं असेल का, ही धास्ती. फोन करून 'पेरू नका' म्हणावं तर अण्णा 'का' विचारणार. अण्णा दुसऱ्यांदा बारदाना उघडल्याशिवाय पेरायचे नाहीत, एवढ्याच भरवशावर मी गप्प राहिलो. जेवताना बायको विचारायची, "भाजी बिघडली का?" मी तिच्यावरच खेकसायचो.

पण खरी भीती लॅबमध्ये होती. मॅडम बदलायला लागल्या. आधी शंभर बिया एकदा मोजायच्या, आता दोनदा मोजायला लागल्या, मग तीनदा. तिसऱ्या दिवशी केबल बघायच्या निमित्तानं गेलो तर त्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर बॉलपेननं लिहिलेलं दिसलं: गॅस, नळ, कुलूप. मी बघतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी पदर हातावर ओढून घेतला.

"चहा घेणार?" त्यांनी विचारलं. मग एकदम थबकल्या. "मघाशी विचारला का मी तुम्हाला?"

"नाही मॅडम."

"नक्की ना?"

चौथ्या दिवशी त्या स्वतःच माझ्या टेबलाशी आल्या. कधी यायच्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि आवाज खाली आणून विचारलं, "कॉम्प्युटरवरून असं कळतं का हो, की कुणी कोणत्या वेळी काय भरलं? म्हणजे मी त्या दिवशी प्रोग्राम उघडला तरी होता का, एवढं जरी कळलं तरी चालेल."

"या जुन्या प्रोग्राममध्ये नाही कळत," मी म्हणालो. हे खरं होतं. म्हणून तर जास्त वाईट होतं.

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"आईचं असंच सुरू झालं होतं," त्या म्हणाल्या. "पंचावन्नाव्या वर्षी. आधी दूध उतू जायचं. मग म्हणायची, मी तर गॅस बंद केला होता, मला चांगलं आठवतंय. आम्ही तिला हसायचो. अगदी हेच शब्द म्हणायची ती. मला चांगलं आठवतंय."

मॅडम, तुमचं काही नाही, माझंच आहे, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात शेठ केबिनमधून बाहेर आले, आणि माझ्या तोंडून जे निघालं त्याबद्दल मी आजवर स्वतःला माफ केलेलं नाही.

"होतं मॅडम असं," मी म्हणालो. "कामाचा ताण असतो."

त्यांनी मान हलवली आणि उठल्या. जाताना माझ्या टेबलावरचा पंखा त्यांनी बंद केला, मग वळून पुन्हा बघितला बंद झाला का ते. मी तिथंच बसलेलो होतो, पंखा माझा होता, मला उकडत होतं.

सहाव्या दिवशी सकाळी गेटवरच्या वॉचमननं वर फोन केला. "सायब, तुमचे वडील आलेत. मी बसा म्हटलं, पन ते लॅब कुठं हाय विचारून मागच्या अंगाला गेले."

मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलो. पोचलो तोवर उशीर झाला होता. अण्णा धोतर-टोपीत मॅडमच्या टेबलासमोर उभे होते. परतूरहून सकाळच्या गाडीनं आले होते. नायलॉनच्या पिशवीतून त्यांनी सुतळीनं बांधलेली ओल्या बारदान्याची गुंडाळी काढली आणि मॅडमच्या पांढऱ्या टेबलावर ठेवली.

"बाई, मी ह्याचा बाप," अण्णा म्हणाले. "ह्यो म्हन्ला मला पानी मारता येत न्हाई. मंग म्या दुसऱ्याबारी टाकलं, आन् उघडलंच न्हाई. म्हटलं, ज्यांचं बी त्यांनीच मोजावं. तुम्ही बराबर मोजा. जास्त निघाले तर मी खोटा."

मॅडम माझ्याकडं बघून क्षणभर हसल्या, बऱ्याच दिवसांनी. त्यांनी हात पुसले, सुतळी सोडली. बारदाना उलगडला. ओल्या तागाचा वास लॅबभर झाला. पिवळट पांढरे मोड दहा-दहाच्या ओळीत, मध्ये मध्ये फुगून मऊ पडलेल्या बिया. मॅडमनी चिमटा उचलला आणि मोजायला सुरुवात केली.

"अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या. मग एक मोड चिमट्यानं उचलून उजेडात धरला. "ह्याला मूळ नाही, हा धरता येत नाही. सत्तावन्न."

"पहिल्याबारीबी सत्तावन्नच आल्ते," अण्णा म्हणाले. "सांगितलं होतं की ह्याला फोनवर. सहा-सात दिवस झाले."

मॅडमनी चिमटा ठेवला आणि माझ्याकडं वळल्या.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं. "मी अठ्ठावन्न म्हणाले तेव्हा, तुम्हाला माहीत होतं की तो बरोबर आहे?"

"हो."

"मग मी भरला होता की नव्हता?"

मग मी सगळं सांगितलं. अण्णांसमोरच सांगितलं. सेटिंग, चौकटीतली सूचना, गेलेली लाइट, चार गायब नोंदी, शेठच्या केबिनमधलं खोटं. तोंडानं सांगून भागणार नव्हतं, म्हणून ते सेटिंग पुन्हा चालू केलं, म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर खोट्या नावाच्या लॉटला एक आकडा भरला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं, यूपीएसचंही. पडदा काळा झाला. पुन्हा चालू करून दाखवलं. आकडा नव्हता. मॅडमनी मला ते परत करायला लावलं. मग तिसऱ्यांदा करायला लावलं. तिसऱ्यांदाही आकडा गेला तेव्हा त्या स्टुलावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. वीस वर्षांत त्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं.

अण्णांना सेटिंग-बिटिंग कळलं नाही, पण काय घडलं ते बरोबर कळलं. ते मला एवढंच म्हणाले, "बीचं जाऊ दे, बी बदलून भेटंल. बाईला येडं ठरवलं का रे तू?"

शेठसमोरही मीच गेलो. त्यांनी मला काढलं नाही, पण त्यानंतर वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मॅडमचा खुलासा फाइलमधून काढून त्यांनी माझ्यासमोर फाडला आणि त्या जागी माझा लावला. सेटिंग कायमचं बंद झालं, म्हातारा कॉम्प्युटर पुन्हा बैलगाडीच्या चालीनं चालू लागला आणि कुणी तक्रार केली नाही. माळ्यावरचं रजिस्टर मी स्वतः उतरवून, धूळ पुसून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि त्या लॉटसमोर अठ्ठावन्न लिहिलं. अण्णांनी दुसऱ्या लॉटचं बी नेलं, आणि तेही आधी बारदान्यात टाकून बघितलं.

मला वाटलं, संपलं. सेटिंग बंद केलं की दोष जातो, अशी आमच्या धंद्याची समजूत असते. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मॅडमचं ते तीनदा मोजणं गेलं नाही. हाताच्या पाठीवरची अक्षरं गेली नाहीत. मी दिसलो की कधीतरी, सहज विचारल्यासारखं, त्या म्हणायच्या, "तो अठ्ठावन्न मी भरला होता ना हो?" आणि मी म्हणायचो, "भरला होता मॅडम."

आता अण्णा नाहीत. मी ती कंपनी सोडली आणि स्टेशन रोडला दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं. मॅडम गेल्या महिन्यात बँकेच्या रांगेत भेटल्या. केस सगळे पांढरे, बाकी तब्येत चांगली. मला नावानं हाक मारली, मुलांची चौकशी केली, सगळं व्यवस्थित. मग जरा जवळ सरकून विचारलं, "तो सोयाबीनचा आकडा. अठ्ठावन्न. मी भरला होता ना?"

"भरला होता मॅडम. चूक माझी होती."

त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढली, तिला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. पान उघडून त्या लिहायला लागल्या. मी शेजारीच उभा होतो, वाचायचं नव्हतं तरी दिसलं. त्या दिवसाची तारीख, आणि पुढं: 'भेटले. विचारलं. मी भरला होता म्हणाले.' त्याच्या वर तीच ओळ होती, जुन्या तारखेची. त्याच्या वर पुन्हा तीच. पानभर तीच ओळ होती.